मोडण्यासाठी बांधलेले कवच

(लाळ्या-खुरकुताच्या विषाणूची प्रथिने : प्रस्तावना)

पेनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा सुरू होतो, पण मराठी तिथे संपत नाही. बेला, जैनद, तामसी या भागांत घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि रानात गोंडी असा रोजचा व्यवहार चालतो. कापूस हे मुख्य पीक, जमीन काळी, आणि डवरणीला अजूनही बैलच लागतो. या बैलाच्या तोंडातून ऐन जूनमध्ये लाळेच्या तारा लोंबू लागल्या, ओठांचा चटचट आवाज येऊ लागला, तो एकेक पाय उचलून झटकू लागला, की निदानासाठी डॉक्टरची वाट कोणी पाहत नाही. मराठी शेतकरी म्हणतो खुरी आली. शेजारचा तेलुगू शेतकरी म्हणतो गालिकुंटु.

मोठे जनावर या रोगाने सहसा मरत नाही, आणि त्याच्याविषयीच्या बेफिकिरीचे मूळ इथेच आहे. तुरटीच्या पाण्याने तोंड धुवावे, जिभेवर बोरो-ग्लिसरीन लावावे, खुरांच्या बेचक्यात मोरचुदाचे पाणी घालावे. दोनेक आठवड्यांत जनावर पुन्हा चारा ओढू लागते. पण तेवढ्यात पेरणीचा वाफसा निघून गेलेला असतो. म्हशीचे आटलेले दूध त्या वेतात पुन्हा पूर्वीइतके येत नाही. गाभण गाय गाभडते. बरे झालेले काही बैल पुढे जन्मभर धापत राहतात: उन्हात जुंपले की जीभ बाहेर, अंगावरचे केस राठ आणि लांब. अशा बैलाला बाजारात किंमत येत नाही आणि शेतात त्याच्याकडून काम होत नाही. वासरांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो, आणि तोंडात एकही फोड दिसण्याआधी वासरू आचळाला तोंड लावता लावता कोसळते. शवविच्छेदनात हृदयावर फिकट पट्टे दिसतात. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत त्याला वाघाच्या पट्ट्यांवरून नाव दिलेले आहे.

लसीकरणाच्या शिबिरात चार प्रश्न हमखास येतात. वर्षातून दोनदा सुई कशाला? सुई मारूनही रोग आला, तो कसा? बर्फ वितळला म्हणून चांगली लस फेकून का देता? आणि कानात बिल्ला मारलेल्या, लस टोचलेल्या जनावराचे परत रक्त कशाला काढता? यांवर बहुतेक वेळा उत्तर मिळते ते एवढेच, की तसा वरून आदेश आहे. आदेश चुकीचे नसतात, पण कारण न सांगता दिलेला आदेश पहिल्या अडचणीला मोडतो, हे ज्याने मे महिन्यात दुचाकीवरून लसीचा डबा नेला आहे त्याला सांगायला नको. या पुस्तकाचे म्हणणे असे की, या चारही प्रश्नांची उत्तरे विषाणूच्या प्रथिनांच्या बांधणीत आहेत, आणि ती बांधणी समजण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती एकच गोष्ट मनात धरून ठेवण्याची तयारी: या विषाणूचे कवच बाहेर टिकले पाहिजे आणि पेशीच्या आत मोडले पाहिजे. पुढचे सगळे या ओढाताणीतून येते.

पण आधी जागेबद्दल थोडे. १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते मराठी मुलखात आले आणि नदीकाठाने सरहद्द पडली. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. सोयरिकी मात्र जुन्याच राहिल्या, आठवडी बाजारही. पांढरकवड्याचा बैल आदिलाबादेत विकला जातो, आदिलाबादचा किनवटला. पुष्य अमावास्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेला मेसराम कुळाची गोंड कुटुंबे बैलबंड्या जुंपून येतात आणि चहूकडची जनावरे एका माळावर उभी राहतात. उन्हाळ्यात पाणवठे आटले की चार गावांच्या आखरावरची गुरे एकाच डोहावर येतात. फुटलेल्या फोडातला द्रव, लाळ, दूध, एवढेच काय, श्वासातून उडणारे कणसुद्धा विषाणू वाहून नेतात. अशा मुलखात नदीच्या एका काठावर लसीकरणाची फेरी कार्तिकात आणि दुसऱ्यावर माघात झाली, तर दोन्ही काठांना नेहमी अर्धेच संरक्षण मिळेल. दोन राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी निदान पेनगंगेच्या दोन्ही बाजूंच्या गावांपुरती तारीख एक ठेवावी, हे माझे जुने मत आहे.

आता विषाणूकडे येऊ. १८९७-९८ मध्ये फ्रीडरिश लोफ्लर आणि पॉल फ्रोश या जर्मन शास्त्रज्ञांनी फोडांतला द्रव इतक्या बारीक गाळणीतून काढला की त्यातून एकही जिवाणू पार होऊ नये. तरी गाळलेल्या द्रवाने वासरे आजारी पडली. त्या वासरांच्या द्रवाने पुढची वासरे आजारी पडली. विष असते तर ते पातळ होत जाऊन संपले असते. हे संपत नव्हते, म्हणजे वाढत होते. प्राण्यांत रोग करणारा पहिला विषाणू असा सापडला, तोही माणसाच्या रोगाचा नव्हे, गुरांच्या रोगाचा. त्याचा व्यास सुमारे तीस नॅनोमीटर आहे. एका मिलिमीटरच्या रेघेवर तेहतीस हजार मावतील.

या कणाच्या आत आरएनएचा एकच धागा असतो, सुमारे ८,३०० अक्षरांचा. पेशीत शिरल्यावर पेशीचीच यंत्रणा तो वाचते आणि त्यातून दोन हजार तीनशेच्या वर अमिनो आम्लांची एक लांबच लांब साखळी तयार होते. ऊस तोडताना कांडे कुठे धरायचे ते जसे पेरावरून ठरते, तशी ही साखळी ठरलेल्या पेरांवर तुटून वेगवेगळी प्रथिने मोकळी होतात. गंमत अशी की, तोडणारे कोयतेही याच साखळीतून निघतात. एल नावाचे प्रथिन साखळीतून प्रथम स्वतःला सोडवते आणि मग पेशीचा एक मोक्याचा घटक कापते. त्या घटकाशिवाय पेशीला स्वतःचे संदेश वाचता येत नाहीत, विषाणूला मात्र येतात, कारण त्याच्या आरएनएत वाचन सुरू करण्याची निराळी सोय आहे. बाकीची बहुतेक कापणी थ्री-सी नावाचे प्रथिन करते. थ्री-डी हे आरएनएच्या नकला काढते आणि नकला तपासत नाही. त्याच्या चुका पुढे आपल्याला भोवतात. थ्री-बी या इवल्या प्रथिनाच्या विषाणूत तीन आवृत्त्या आहेत.

टू-ए चा उल्लेख इथेच करून टाकतो, कारण पुढे त्याला जागा नाही. हा जेमतेम अठरा अमिनो आम्लांचा तुकडा. तो कोणी कापत नाही. साखळी विणली जात असतानाच तो एका ठिकाणी टाका चुकवतो आणि साखळी दोन भागांत सुटी होते. १९९० च्या दशकात ही युक्ती उलगडली, आणि आज एका जनुकातून दोन-तीन प्रथिने काढायची असली की जगभरच्या प्रयोगशाळा हा तुकडा मध्ये घालतात. माणसांच्या जनुकोपचारासाठी बनवलेल्या रचनांतही तो असतो. गुरांच्या रोगावरचे संशोधन दुय्यम समजणाऱ्या मंडळींना हे अधूनमधून ऐकवावे.

उरलेल्यांपैकी चार प्रथिने कवचाची: व्हीपी१, व्हीपी२, व्हीपी३ आणि व्हीपी४. प्रत्येकाच्या साठ प्रती, म्हणजे कवचात एकूण २४० तुकडे. पाच-पाच संच जुळून एक पंचकोनी फळी होते आणि अशा बारा फळ्यांचे कवच. व्हीपी४ आतल्या बाजूला दडलेले. बाकीची तीन बाहेर. या तिन्हींमध्ये अमिनो आम्लांचा क्रम वेगळा आहे, पण घडी एकच: आठ सपाट पट्ट्या समोरासमोर रचलेल्या, आणि पट्ट्यांना जोडणारे लवचिक फास बाहेर आलेले. हीच घडी पोलिओच्या विषाणूत आहे, सर्दीच्या विषाणूत आहे, आणि त्या दोघांच्याही आधी, १९७८ मध्ये, ती टोमॅटोच्या एका विषाणूत दिसली होती. पट्ट्या सगळीकडे सारख्याच राहतात. फरक पडतो तो फासांमध्ये.

१९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्टुअर्ट यांच्या गटाने लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना मांडली. निबंधावर पहिले नाव रवी आचार्य यांचे होते. बारकावा २.९ अँग्स्ट्रॉम, एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. सर्दीच्या विषाणूवर पेशीची खूण पकडण्यासाठी एक खोल घळ असते, तशी इथे नव्हती. पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत. आणि ज्या ठिकाणी सगळ्यांचे डोळे लागले होते, तिथे काहीच दिसत नव्हते. व्हीपी१ च्या सहाव्या आणि सातव्या पट्टीमधला फास, म्हणजे साधारण १४० ते १६० क्रमांकाची अमिनो आम्ले, इतका हलता होता की क्ष-किरणांच्या चित्रात त्याचा ठसाच उमटला नाही. चार वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच गटाने विषाणूतला गंधकाचा एक बंध रसायनाने तोडला. फास कवचावर आडवा पडला आणि दिसला.

याच फासावर आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्ले ओळीने बसलेली आहेत. गुरांच्या पेशींवर इंटिग्रिन नावाची प्रथिने असतात; पेशीला आजूबाजूला धरून राहण्यासाठी ती लागतात आणि त्यांची पकड नेमकी या तीन अक्षरांवर असते. विषाणू ही तीन अक्षरे पुढे करतो आणि पेशी त्याला धरून आत घेते. यातले एक इंटिग्रिन जीभ, हिरड्या आणि खुरांमधली कातडी यांच्या पेशींवर कायम असते. फोड तिथेच का येतात, याचे बरेचसे उत्तर एवढ्यात आले.

आता फासाची चलाखी पाहा. मधली तीन अक्षरे बदलली तर विषाणूला दार उघडत नाही, म्हणून ती जवळपास सर्वत्र तीच. जनावराचे शरीर मात्र प्रतिपिंडे बनवते ती बहुधा आजूबाजूच्या अक्षरांना ओळखून, आणि ती अक्षरे भराभर बदलतात. थ्री-डी नकला तपासत नाही, असे वर म्हटले. ज्या नकलांत चूक मधल्या तिघांत झाली त्या मरतात, ज्यांत कडेला झाली त्या निसटतात. विषाणूला यात कुठलाही हेतू नसतो. चाळण आपले शरीरच लावते.

प्रयोगशाळेत तर याहून विचित्र घडते. १९६२ पासून लसीसाठी विषाणू हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या पेशींत, मोठ्या टाक्यांत वाढवला जातो. तिथे तो इंटिग्रिन सोडून पेशीवरच्या हेपॅरान सल्फेट या साखरेला चिकटायला शिकतो. त्यासाठी ओ प्रकारात (विषाणूचे प्रकार पुढे येतात) व्हीपी३ मधल्या ५६व्या जागी हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन आले की पुरते. टाकीत हा विषाणू जोमाने वाढतो, पण गुरांना टोचला तर मऊ पडलेला असतो. एका अक्षराने घर बदलते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

व्हीपी१ चे महत्त्व कळल्यावर शास्त्रज्ञांना वाटले, सगळा विषाणू कशाला, हे एक प्रथिन पुरे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या जेनेन्टेक कंपनीने आणि प्लम आयलंडच्या सरकारी प्रयोगशाळेने जिवाणूंकडून ते बनवून घेतले आणि गुरांना टोचून दाखवले. (त्या काळच्या निबंधांत या प्रथिनाला व्हीपी३ म्हटलेले आढळेल, घोटाळा करून घेऊ नये.) पुढच्याच वर्षी ब्रिटिश-अमेरिकन गटाने आणखी धाडस केले: फासाचा वीस अमिनो आम्लांचा तुकडा रसायनशाळेत जोडला आणि त्याने गिनीपिग वाचवले. वर्तमानपत्रांनी रोग संपल्यात जमा केला. मग गुरांची पाळी आली. १९९७ मध्ये अर्जेंटिनात झालेल्या मोठ्या चाचणीत अशी एकही लस चाळीस टक्क्यांच्या वर संरक्षण देऊ शकली नाही, आणि आजारी पडलेल्या जनावरांत फास बदललेले विषाणू सापडले. पुढे चीनमध्ये डुकरांसाठी अशा लशी वापरात आल्या, तेव्हा कल्पना अगदीच वाया गेली असे नाही. पण गाय-बैलांसाठी धडा स्पष्ट होता. शरीर सुटे प्रथिन ओळखत नाही, कवचातली त्याची ठेवण ओळखते. शेजारच्या व्हीपी२ आणि व्हीपी३ यांच्या कडा मिळून जो आकार होतो, त्याला धरणारी प्रतिपिंडेच जनावर वाचवतात.

म्हणून आजची लस अख्ख्या कवचाची आहे. विषाणू टाकीत वाढवायचा, रसायनाने त्याचा आरएनए निकामी करायचा, आणि कवच शाबूत ठेवून तेलात मिसळायचे. इथे आपण मूळ अडचणीशी येतो.

विषाणूला पेशीने आत घेतले की तो एका लहानशा पिशवीत बंद होतो, आणि पेशी त्या पिशवीत आम्ल सोडते. सामू साडेसहाच्या खाली उतरला की कवच फुटते. बारा फळ्या सुट्या होतात, आरएनए बाहेर पडतो, संसर्ग सुरू होतो. ही किमया हिस्टिडिन या अमिनो आम्लाची. फळ्या जिथे एकमेकींना भिडतात तिथे व्हीपी३ मध्ये, विशेषतः १४२व्या जागी, हिस्टिडिन बसलेले आहे. किंचित आम्ल मिळाले की त्यावर धन प्रभार येतो आणि फळ्या एकमेकींना दूर लोटतात. पोलिओचा विषाणू पोटातल्या आम्लातून सुखरूप जातो, कारण त्याला आतड्यापर्यंत पोचायचे असते. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला तशी गरज नाही. त्याचे कवच मुद्दाम सैल बांधलेले आहे, आणि त्या सैलपणावरच त्याचा संसार चालतो.

पण आम्लाने सुटणाऱ्या फळ्या उष्णतेनेही सुटतात. लसीतले कवच याला अपवाद नाही. तो तोच विषाणू आहे, फक्त आतून मेलेला. अख्ख्या कवचाला शास्त्रज्ञ १४६एस म्हणतात, सुट्या फळीला १२एस. हे आकडे अपकेंद्री यंत्रात ते किती वेगाने खाली बसतात त्यावरून आले. १४६एस टोचले तर प्रतिपिंडे भरपूर बनतात, १२एस टोचले तर अगदी थोडी. बाटली बाहेरून दोन्ही वेळा सारखीच दिसते: पांढरी, दुधासारखी. आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. डबा उन्हात उघडा राहिला, दोन ते आठ अंशांची मर्यादा ओलांडली, तर कवच उकलत जाते, आणि बाटलीवरचे लेबल मात्र तसेच राहते. आपल्याकडच्या प्रकारांत ओ यात सर्वांत नाजूक, आणि सर्वाधिक साथी त्याच्याच. उलट बर्फात थेट गाडून गोठवली तर तेल आणि पाणी वेगळे होते, म्हणून तेही नको. लसीकरण करूनही गावात खुरी आली, अशी तक्रार ऐकली की पहिला प्रश्न विचारावा तो लस कोणत्या कंपनीची हा नव्हे, तर ती गावापर्यंत कशी आली हा.

कवचाचा आणखी एक गुण गोठ्यात उपयोगी आहे आणि त्याबद्दल गैरसमज मोठा आहे. या विषाणूला चरबीचे आवरण नाही. बाहेर सगळे प्रथिन. लम्पीच्या किंवा शेळ्यांच्या पीपीआरच्या विषाणूला आवरण असते, ते साबणाने, फिनाइलने विरघळते. इथे फिनाइल फारसे काम करत नाही, शेणामातीत तर नाहीच. तरी साथ आली की गोठ्यात फिनाइलचा वास दरवळतो आणि सगळ्यांचे समाधान होते. फिनाइल खुराच्या जखमेत माशी बसू नये म्हणून वापरले तर ठीक. विषाणू मारायला ते नाही. विषाणूचे वर्म आम्ल आणि क्षार हे आहे. धुण्याच्या सोड्याचे चार टक्के द्रावण, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत चारशे ग्रॅम, दावणीवर, गव्हाणीवर आणि बंडीच्या चाकांवर शिंपडावे. दोन टक्के व्हिनेगरचे आम्ल किंवा त्याहून पातळ सायट्रिक आम्लही चालते. सोडा बेल्याच्या किराणा दुकानातही मिळतो. ज्या कवचाला पेशीतले थोडेसे आम्ल मोडते, त्याला बादलीतलेही मोडते. यात गूढ काही नाही, पण शिबिरात हे सांगितले की माणसे नीट ऐकतात, कारण त्यांना हातात घेता येईल असे काहीतरी मिळते.

दोनदा सुई कशाला, या प्रश्नाचे उत्तरही इथलेच. मेलेले कवच शरीरात वाढत नाही, म्हणून त्याची आठवण टिकत नाही. काही महिन्यांत प्रतिपिंडे उतरू लागतात. त्यात प्रकारांची भर. जगात या विषाणूचे सात प्रकार नोंदले गेले. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये वाले आणि कारे यांनी ओ आणि ए हे पहिले दोन वेगळे केले. भारतात आता ओ, ए आणि एशिया-१ आहेत. सी शेवटचा १९९५ मध्ये दिसला. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, कारण फास वेगळे. म्हणून आपली लस तिहेरी असते. बरीच वर्षे तिच्यात १९७५ चा ओ, २००० चा ए आणि १९७२ चा एशिया-१ असे भारतीय विषाणू वापरले गेले. ए चा विषाणू इतका अलीकडचा का निवडावा लागला, हे ए प्रकाराचा चंचलपणा पाहिला की समजते. २००२-०३ च्या सुमारास भारतात ए प्रकाराचा असा एक गट वर आला की ज्याच्या व्हीपी३ मध्ये ५९व्या जागचे अमिनो आम्लच गळालेले होते. प्रतिपिंडे ज्या जागांना धरतात त्यांतली ही एक. सुमारे दोनशे वीस अक्षरांतले एक अक्षर गाळून विषाणूने जुन्या ओळखीचा बराचसा भाग पुसला. भुवनेश्वरच्या राष्ट्रीय संस्थेत देशभरातून आलेले फोडांचे नमुने तपासले जातात ते यासाठी. तुमच्या गावातल्या बैलाच्या जिभेची फाटलेली साल तिथे वेळेवर पोचली नाही, तर पुढच्या वर्षीची लस ठरवणाऱ्यांना तुमच्या गावाचा विषाणू माहीतच नसतो.

राहिला रक्ताचा प्रश्न. लसीत फक्त कवच असते. कारखान्यात बाकीची प्रथिने शक्य तितकी गाळून टाकतात. कोयते, नक्कलकार आणि त्यांचे सोबती, म्हणजे थ्री-ए, थ्री-बी वगैरे, फक्त विषाणू पेशीत खरोखर वाढला तरच तयार होतात. म्हणून जनावराच्या रक्तात कवचाविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर लस लागली असे म्हणता येते, पण थ्री-ए आणि थ्री-बी विरुद्ध असतील तर त्या जनावराला रोग होऊन गेला आहे, मग तोंडात फोड कोणी पाहिले असोत वा नसोत. भारतीय शास्त्रज्ञांनी याच दोन प्रथिनांची जोडणी करून चाचणी बनवली आहे. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाला लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस मिळून १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले आणि २०३० पर्यंत रोग संपवायचे ठरले. लसीकरणासह रोगमुक्त क्षेत्र करण्यासाठी केंद्राने ज्या राज्यांचा विचार चालवला आहे, त्यांत महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही आहेत. मुक्ती सिद्ध करायची ती याच रक्तावरून. बारा आकड्यांचा बिल्ला त्यासाठी. नाही तर कोणते रक्त कोणत्या बैलाचे हे कळायचे नाही. बरे झालेल्या जनावराच्या घशात विषाणू महिनोन्महिने दबून राहू शकतो; अशा संशयित जनावरांचा माग काढायलाही ही चाचणी उपयोगी पडते.

सैल कवच आवळता येईल का, हा शेवटच्या प्रकरणाचा विषय आहे. ऑक्सफर्ड आणि पिरब्राइटच्या गटांनी २०१३ मध्ये आरएनए नसलेले पोकळ कवच कीटकांच्या पेशींत बनवले. २००७ मध्ये पिरब्राइटच्या आवारातूनच जिवंत विषाणू गळक्या सांडपाणी नळातून बाहेर पडून भोवतालची गुरे आजारी पडली होती. पोकळ कवचाला जिवंत विषाणू लागतच नाही, ही त्याची पहिली कमाई. २०१५ मध्ये त्यांनी संगणकावर हिशेब करून व्हीपी२ मधले ९३व्या जागचे अमिनो आम्ल बदलले. ही जागा दोन फळ्यांच्या नेमक्या सांध्यावर येते. सांधा घट्ट झाला, आणि कवच उष्णता अधिक सोसू लागले. जिवंत विषाणूला फार घट्ट कवच परवडत नाही, कारण त्याला पेशीत उकलावे लागते. लसीला उकलायचे नसतेच. अशी लस इंद्रवेल्लीच्या एखाद्या पाड्यावर बर्फाविना पोचेल तेव्हा पोचेल. तोवर थर्मास, बर्फ आणि पहाटेची फेरी यांना पर्याय नाही.

हे पुस्तक पशुधन पर्यवेक्षक, पशुवैद्यकाचे विद्यार्थी आणि दहावीपर्यंत विज्ञान शिकलेला कोणीही पशुपालक यांच्यासाठी आहे. पहिल्या तीन प्रकरणांत कवचाची रचना, चौथ्यात आम्ल आणि उष्णता, पाचव्यात प्रकार आणि त्यांचे बदल, सहाव्यात रक्ताच्या चाचण्या, सातव्यात नव्या लशी. रसायनाची नावे मराठीत ओढूनताणून बनवलेली नाहीत. प्रयोगशाळेच्या अहवालात जी येतात तीच ठेवली आहेत, म्हणजे अहवाल हातात आला की ओळख पटेल. आकृत्या पाहताना पेन्सिल घेऊन पंचकोनी फळी एकदा स्वतः काढावी. बारा फळ्यांचे कवच कागदाचे कापून जोडले तर आणखी चांगले. ज्यांना सुरुवातीची पाने जड वाटतील त्यांनी चौथे प्रकरण आधी वाचावे. लसीचा डबा भरण्याची पद्धत आणि गोठ्यातल्या सोड्याचे प्रमाण त्यातच दिले आहे, आणि लसीकरणाची पुढची फेरी कधीही लागू शकते.